मोटारगाडीच्या पुढील दिव्यांची आवरणे

मोटारगाडीच्या पुढील दिव्याच्या (हेडलाइटच्या) तोंडाशी बसविलेल्या पारदर्शक भागास आवरण म्हणतात. आतील बल्ब व परावर्तक (प्रकाश परत फिरविणारा वाटीसारखा चकचकीत भाग) यांचे पाणी, धूळ व खडे यांपासून रक्षण करणे आणि प्रकाश विनाअडथळा बाहेर जाऊ देणे, ही त्याची दोन मुख्य कामे होत. हे आवरण सु. ७० वर्षे काचेचे होते. १९८० नंतर त्याची जागा पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकने घेतली. तरीही लोकभाषेत त्यास अजून ‘काच’ असेच म्हणतात. काच जुनी झाली तरी सहसा आंधळी होत नसे. प्लॅस्टिकचे आवरण मात्र काही वर्षांच्या उन्हाने पिवळे व धूसर होते आणि दिव्याचा प्रकाश पुष्कळच घटतो. हे धूसर आवरण घासून पुन्हा पारदर्शक करण्याची घरगुती रीत गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. या दिव्यांचा व त्यांच्या आवरणांचा इतिहास, धूसरतेची कारणे आणि ती दूर करण्याची पद्धत यांची माहिती येथे पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या संदर्भात दिली आहे.

प्रदेश व रस्ते : शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारे तालुके आहेत. येथील पर्जन्यमान वर्षाला सु. ५०० मिमी.च्या आसपास असून आकाश बराच काळ निरभ्र असते. शिरूर हे गाव घोड नदीच्या काठी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) रस्त्यावर, पुण्यापासून सु. ६५ किमी. अंतरावर आहे, जुन्या लोकांच्या बोलण्यात ते घोडनदी या नावानेही येते. दौंड हे भीमेच्या काठचे रेल्वे प्रस्थानक असून येथून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. पुणे–सोलापूर महामार्ग दौंड गावाच्या काहीसा दक्षिणेकडून, यवत, चौफुला, पाटस व कुरकुंभ या गावांवरून जातो. या दोन मोठ्या रस्त्यांना न्हावरे–चौफुला हा रस्ता जोडतो.

महाराष्ट्राच्या प्रवासी वाहतुकीच्या इतिहासात यांपैकी पहिल्या रस्त्याला विशेष स्थान आहे. राज्य परिवहनाची (एस.टी.ची) पहिली गाडी १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्यास याच रस्त्याने आली. पुढे कालव्यांच्या पाण्यावर उसाची लागवड वाढली. न्हावरे येथे घोडगंगा व पाटस येथे भीमा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, तसेच दौंड तालुक्यात गुऱ्हाळांची संख्या वाढली. यांमुळे हिवाळ्यातील रात्री उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर व मालमोटारी यांनी हे रस्ते गजबजू लागले. कुरकुंभ व रांजणगाव येथील औद्योगिक क्षेत्रांमुळे कामगारांची ने-आण व मालवाहतूक यांची त्यांत भर पडली. बैलगाडी, पायी चालणारा मजूर, दुचाकी आणि ताशी ८० किमी. वेगाची मोटार ही सर्व एकाच अंधाऱ्या रस्त्यावर असणे, हे या प्रदेशातील रात्रीच्या वाहतुकीचे वैशिष्ट्य होय. पुढील दिव्याची काच स्वच्छ आहे की नाही, हा प्रश्न येथे केवळ गाडीच्या देखणेपणाचा राहत नाही.

ज्वालादीपांचा काळ : आरंभीच्या मोटारगाड्यांना घोडागाडीचेच तेलाचे दिवे असत. त्यांचा उपयोग गाडी इतरांना दिसावी एवढाच होता. रस्ता दिसण्याइतका प्रकाश त्यांच्यापासून मिळत नसे. विद्युत् भट्टीत कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची पद्धत १८९२ मध्ये सापडल्यावर ही परिस्थिती बदलली. कार्बाइडवर पाणी थेंबथेंब पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो व तो प्रखर पांढऱ्या ज्योतीने जळतो. हा वायू जाळणारे, मागे आरसा व पुढे काच असलेले दिवे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मोटारींवर सर्रास वापरले जात. ग्रामीण महाराष्ट्रात कार्बाइडचा दिवा पुढेही बराच काळ परिचयाचा होता.

या दिव्यांत काचेच्या आतल्या बाजूस काजळी व चुनखडीसारखी भुकटी जमे. त्यामुळे दिव्याचे झाकण उघडून काच व आरसा पुसणे, भांडे धुऊन नवे कार्बाइड भरणे, हे प्रत्येक प्रवासापूर्वीचे नित्यकर्म होते. दिव्याची काच स्वच्छ राखणे हे चालकाचे काम आहे, ही समजूत अशा रीतीने मोटारीइतकीच जुनी आहे. येथे मळ आत जमे व तो पुसता येई, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

विद्युत् दिवे व काचेचे युग : मोटारीसाठी विजेचे दिवे १८९८ पासून उपलब्ध होते, तथापि त्या वेळचे तंतू खाचखळग्यांत लवकर तुटत आणि विद्युत् निर्मितीची सोय गाडीत नसे. टंगस्टनच्या टिकाऊ तंतूचा शोध लागल्यावर आणि १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांच्या पद्धतीने विद्युत् आरंभक, जनित्र व दिवे एकत्र बसविण्यात आल्यावर ज्वालादीप मागे पडले. १९२० नंतरच्या दशकात एकाच बल्बमध्ये दोन तंतू घालून दूरचा (अपर) व जवळचा (डिपर) असे दोन झोत मिळविण्याची योजना प्रचारात आली.

विजेच्या दिव्याने अंधार दूर केला, पण समोरच्याचे डोळे दिपविण्याचा नवा प्रश्न निर्माण केला. तो सोडविण्यासाठी काचेच्या आतल्या अंगावर उभ्या पन्हळी व लहान लोलक पाडण्यात येऊ लागले. त्यांच्यामुळे प्रकाश रस्त्याच्या रुंदीवर पसरे आणि वर जाणारा भाग खाली वळे. काच ही केवळ झाकण न राहता दिव्याच्या प्रकाशीय रचनेचाच भाग बनली.

अमेरिकेत १९४० च्या सुमारास सु. १७८ मिमी. व्यासाचा बंदिस्त दिवा (सील्ड बीम) प्रमाण म्हणून ठरविण्यात आला. यात काच, परावर्तक व तंतू एकजीव असत. तंतू तुटला की संपूर्ण दिवाच बदलावा लागे. त्यामुळे काच जुनी होण्याचा प्रसंगच सहसा येत नसे. यूरोपात व भारतात मुख्यतः बल्ब बदलता येणारे दिवे वापरले गेले. ॲम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी, जीप आणि मालमोटारी यांचे दिवे गोल व काचेचे होते. खड्याने काच फुटली, तर तेवढीच काच विकत आणून कड्यात बसविता येई आणि हे काम कोणत्याही लहान गॅरेजात होत असे. या दिव्यांचा खरा शत्रू वेगळा होता. रबरी पट्टी सुकली की पाणी आत जाई आणि परावर्तकाचा मुलामा काळवंडे. काच स्वच्छ असूनही प्रकाश मंद, अशी स्थिती त्यामुळे उत्पन्न होई.

भारतात या काळात काच मुद्दाम झाकण्याच्याही रीती होत्या. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून काचेचा वरचा अर्धा भाग काळा रंगविणे किंवा मध्यभागी काळा वा पिवळा ठिपका देणे, ही रीत अनेक वर्षे रूढ होती. १९६५ व १९७१ च्या युद्धांत काळोखीच्या (ब्लॅकआउटच्या) आदेशांनुसार वाहनांच्या दिव्यांना काळा रंग वा कागद लावण्यात आला होता. प्रकाश किती असावा यापेक्षा तो कोठे पडावा हे अधिक महत्त्वाचे, ही जाणीव या उपायांच्या मुळाशी होती. मात्र झाकलेल्या काचेमुळे स्वतःचा रस्ताही कमी दिसे. १९६२ मध्ये यूरोपात मोटारींसाठी हॅलोजन बल्ब आला आणि १९७१ मध्ये दोन तंतूंचा एच-४ हा बल्ब प्रचारात आला. त्याची शक्ती दूरच्या झोतासाठी ६० व जवळच्या झोतासाठी ५५ वॉट असते. भारतातील असंख्य गाड्यांत तो पुढे दीर्घकाळ वापरात राहिला.

प्लॅस्टिकचा प्रवेश : पॉलिकार्बोनेट हे बहुवारिक (लहान रेणू साखळीसारखे जोडले जाऊन बनलेले संयुग) १९५३ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत हेर्मान श्नेल यांनी व अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डॅनिएल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे तयार केले. त्याची घनता काचेच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे सु. १·२ आहे. आघात सहन करण्याची त्याची शक्ती काचेच्या मानाने कितीतरी पट अधिक असून सु. १४५° से. पर्यंत ते मऊ पडत नाही. साच्यात घालून त्याला हवा तो बाकदार आकार देता येतो. १९७३ नंतरच्या तेलटंचाईमुळे गाडीचे वजन व हवेचा विरोध कमी करण्याकडे कारखानदारांचे लक्ष वेधले. त्यात गोल, सपाट काचेचा दिवा अडचणीचा ठरू लागला. फोर्ड कंपनीच्या विनंतीवरून अमेरिकेने १९८३ मध्ये बदलता येणारा बल्ब व प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या दिव्यांना मान्यता दिली आणि लिंकन मार्क-७ या १९८४ च्या गाडीवर ते प्रथम आले. यूरोपात ही आवरणे १९९० नंतरच्या दशकात पसरली. त्याच सुमारास झोताला आकार देण्याचे काम परावर्तकाच्या अनेक पैलूंकडे किंवा आतील प्रक्षेपक भिंगाकडे गेले व आवरण पन्हळींविना आरपार दिसणारे झाले.

भारतातील नव्या मोटारींवरही पुढे हीच आवरणे आली. शिरूर तालुक्यात रांजणगाव येथे फियाटच्या कारखान्यात मोटारी तयार होऊ लागल्या. २००७ मध्ये हा कारखाना फियाट व टाटा यांच्या संयुक्त भागीदारीत आला. तेथून २००९ मध्ये लिनिया व पुंटो, तर २०१७ मध्ये जीप कंपास ही गाडी बाजारात आली. ज्या जीपचा गोल काचेचा दिवा ही तिची खूण होती, त्या नावाची गाडी याच रस्त्यावर प्लॅस्टिकच्या आवरणाचे दिवे लावून तयार होऊ लागली, ही गोष्ट या स्थित्यंतराची द्योतक आहे.

या बदलात एक गोष्ट मागे पडली. जुन्या दिव्यात काच, परावर्तक व बल्ब हे स्वतंत्र मिळत आणि बंदिस्त दिव्यात ते सर्व एकदम नवे होत. नव्या दिव्यात फक्त बल्ब बदलतो. आवरण परावर्तकाच्या पेटीला कायमचे चिकटविलेले असते व गाडीच्या आयुष्यभर तेच राहते. ते बदलायचे, तर संपूर्ण दिवा विकत घ्यावा लागतो. पूर्वी एका काचेच्या किंमतीत भागणारे काम अशा रीतीने मोठ्या खर्चाचे झाले. घरी घासून आवरण स्वच्छ करण्याची रीत रूढ झाली, ती मुख्यतः या कारणाने.

धूसरतेची कारणे : पॉलिकार्बोनेटचे दोन दोष आहेत. एक, ते काचेच्या मानाने मऊ असल्याने त्यावर सहज ओरखडे पडतात. दोन, सूर्यप्रकाशातील जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांनी त्याची रासायनिक घडण बिघडते. यांवर उपाय म्हणून कारखान्यातच त्यावर काही मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = १ मिमी.चा हजारावा भाग) जाडीचा कठीण व जंबुपार किरण शोषणारा विलेप दिलेला असतो. हा विलेप आहे तोपर्यंत आवरण स्वच्छ राहते. काही वर्षांनी त्यातील शोषक द्रव्य निकामी होते, विलेपास भेगा पडतात व तो पापुद्र्यांनी सुटू लागतो. नंतर जंबुपार किरण थेट प्लॅस्टिकपर्यंत पोहोचून त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात; हवेतील ऑक्सिजनाशी विक्रिया होऊन पिवळी संयुगे तयार होतात आणि पृष्ठभाग सूक्ष्म खड्ड्यांनी खरबरीत बनतो. हा बिघाड वरच्या पातळ थरापुरताच असतो. आतील प्लॅस्टिक बहुधा शाबूत असते. घासून आवरण पुन्हा स्वच्छ करता येते याचे कारण हेच होय.

शिरूर-दौंड भागात ही कारणे विशेष तीव्र आहेत. या अक्षांशावर (सु. १८° ३०′ उ.) सूर्य वर्षातून दोन वेळा माथ्यावर येतो आणि निरभ्र दिवसही पुष्कळ असतात. गाड्या बहुधा उघड्यावर उभ्या असतात. शेतरस्त्यांची बारीक माती व अवजड वाहनांमागे उडणारी वाळू यांनी विलेप झिजतो. त्याहून अधिक हानी कोरडी धूळ तशीच कोरड्या फडक्याने पुसण्याच्या सवयीने होते. मातीतील कठीण कण फडक्याखाली सापडून प्रत्येक वेळी नवे ओरखडे काढतात.

धूसर दिव्याचे परिणाम : धूसर आवरणाने प्रकाश दोन प्रकारे वाया जातो. काही भाग पिवळ्या थरात शोषला जातो व काही भागाचे प्रकीर्णन होते, म्हणजे तो सर्व दिशांना विखुरतो. दुसरा परिणाम अधिक घातक आहे. डिपरच्या झोताला वरच्या बाजूस एक स्पष्ट कड असते. तिच्या खाली उजेड व वर अंधार, अशी योजना केलेली असते. आवरण धूसर झाले की ही कड पुसली जाते. रस्त्यावरचा उजेड कमी होतो आणि तोच प्रकाश वर उडून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. मंद दिसणारा दिवाही समोरच्याला दिपवू शकतो, तो यामुळे. उजेड पुरत नाही म्हणून सतत अपर लावून गाडी चालविणे किंवा अधिक शक्तीचा बल्ब घालणे, हे या दोषात भर घालणारे उपाय होत.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत जुन्या धूसर दिव्यांतून नव्या दिव्याच्या केवळ सु. २२ टक्के प्रकाश बाहेर पडतो, असे आढळले. घासून स्वच्छ केलेल्या दिव्यांत हे प्रमाण सु. ७० टक्क्यांपर्यंत वाढले. याचा अर्थ अंतराच्या भाषेत असा : प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणून प्रकाश एक चतुर्थांश झाला, तर तेवढ्याच उजेडात वस्तू दिसण्याचे अंतर निम्मे होते. २२ टक्क्यांवर ते निम्म्याहून थोडे कमी, तर ७० टक्क्यांवर मूळच्या सु. ८४ टक्के भरते.

याची तुलना गाडी थांबण्यास लागणाऱ्या अंतराशी करावी लागते. चालकाला प्रतिक्रियेसाठी दीड सेकंद लागतो आणि कोरड्या रस्त्यावर दर सेकंदाला वेग सेकंदास ५ मीटरने कमी होतो असे धरले, तर ताशी ६० किमी. वेगाची गाडी थांबण्यास सु. ५३ मी. व ताशी ८० किमी. वेगाची गाडी थांबण्यास सु. ८३ मी. अंतर लागते. ज्या चालकाला नव्या दिव्याने उसाची ट्रॉली १०० मी. वरून दिसली असती, त्याला ती धूसर दिव्याने ५० मी.च्याही आत आल्यावर दिसते. ताशी ६० किमी. वेगानेही त्याला वेळेत थांबता येत नाही. ट्रॉलीच्या मागे दिवा वा परावर्तक पट्टी नसेल व तिच्यातून उसाची टोके बाहेर आलेली असतील, तर अपघात टळणे बव्हंशी दैवावर अवलंबून राहते. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांना व बैलगाड्यांना परावर्तक लावण्यावर भर दिला जातो, तो योग्यच आहे. परंतु परावर्तक स्वतः प्रकाश देत नाही, तो येणाऱ्या गाडीचाच प्रकाश परत पाठवितो. गाडीचा दिवा आंधळा असेल, तर परावर्तकही मंदच दिसतो.

घरगुती पुनरुज्जीवन : प्रथम दोष कोठे आहे ते पाहतात. आवरणावर पाणी ओतले असता ते ओले असेपर्यंत पारदर्शक दिसले, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागाचा आहे असे समजावे. पाणी सूक्ष्म खड्डे भरून काढते, पाण्याचा प्रणमनांक (प्रकाश वळविण्याच्या क्षमतेचा अंक) १·३३ असून तो हवेपेक्षा पॉलिकार्बोनेटच्या प्रणमनांकाला (सु. १·५८) जवळचा असल्याने प्रकीर्णन कमी होते. आतल्या बाजूस दव धरले असेल, परावर्तक काळवंडला असेल किंवा भेगा खोलवर गेल्या असतील, तर बाहेरून घासून उपयोग होत नाही. आवरण खरोखरच काचेचे आहे काय, हेही पाहणे अगत्याचे असते. नखाने वाजविले असता काचेचा टणत्कार होतो, तर प्लॅस्टिकचा आवाज बोदा येतो. काचेवर पुढील कृती करू नये. तिच्यावर केवळ चरे उठतात.

आवरण साबणाच्या पाण्याने धुऊन मातीचा कणही राहू देत नाहीत. भोवतालच्या रंगास इजा होऊ नये म्हणून कडेने कागदी चिकटपट्टी दुहेरी लावतात. नंतर रंगारी वापरतात तो पाण्यात भिजणारा घासकागद (वॉटर पेपर) घेऊन घासण्यास आरंभ करतात. कागदाचा क्रमांक जितका मोठा तितके त्यावरील कण बारीक असतात. जुना विलेप पापुद्र्यांनी सुटत असेल, तर ४०० किंवा ६०० क्रमांकाने, नुसता पिवळेपणा असेल तर ८०० किंवा १००० क्रमांकाने सुरुवात करून पुढे १५००, २००० व ३००० अशा क्रमाने जातात. कागद व आवरण सतत ओले ठेवतात. एका कागदाने आडवे घासले, तर पुढच्याने उभे घासावे. त्यामुळे आधीचे ओरखडे पुरते गेले की नाही ते दिसते. प्रारंभी निथळणारे पाणी पिवळसर असते. ते दुधासारखे पांढरे येऊ लागले म्हणजे बिघडलेला थर निघाला असे समजतात. या अवस्थेत आवरण पूर्वीपेक्षाही अधिक, पण सर्वत्र सारखे धूसर दिसते. हे अपेक्षितच असते. येथे घाबरून काम अर्धवट सोडणे ही नवख्या माणसाची नेहमीची चूक होय. एखादा क्रमांक गाळणे ही दुसरी चूक असून तिच्यामुळे राहिलेले जाड ओरखडे रात्री झोतात रेषा उठवितात.

यानंतर मऊ सुती फडक्यावर रंगकामात वापरतात ते घासद्रव्य (रबिंग कंपाउंड) व शेवटी त्याहून बारीक झिलईद्रव्य घेऊन गोलाकार चोळतात. यंत्राने चोळल्यास एका जागी फार वेळ थांबू नये. उष्णतेने प्लॅस्टिक मऊ होऊन डाग पडतो. दोन्ही दिव्यांना हाताने सर्व मिळून दोन ते तीन तास लागतात.

झिलई आली की काम संपले, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु तो चुकीचा आहे. घासण्याने पिवळ्या थराबरोबर कारखान्याचा संरक्षक विलेपही पूर्णपणे निघून गेलेला असतो. उघडे पडलेले पॉलिकार्बोनेट या भागातील उन्हात थोड्याच काळात पुन्हा पिवळे पडते. म्हणून आवरण आयसोप्रोपिल अल्कोहॉलने पुसून, पूर्ण कोरडे करून, जंबुपार किरणांना रोधणारा पारदर्शक विलेप देणे अत्यावश्यक ठरते. हे काम सावलीत, वारा व धूळ नसताना करतात आणि विलेप पूर्ण वाळेपर्यंत गाडी बाहेर काढत नाहीत. पावसाळ्याची दमट हवा यास प्रतिकूल असते. हा विलेपही कारखान्यातील विलेपाइतका टिकत नाही व काही काळाने पुन्हा द्यावा लागतो. नुसत्या मेणाचा लेप याहून पुष्कळच अल्पजीवी असतो.

लोकप्रचारातील उपाय : दातांच्या पेस्टने आवरण घासण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. पेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका यांचे बारीक कण असल्याने तिने हलकी धूसरता जाते, हे खरे आहे. तथापि सुटलेला विलेप तिने निघत नाही आणि संरक्षणही मिळत नाही. राखेने वा मातीने घासल्यास खोल चरे पडतात. पेट्रोल, थिनर व ॲसिटोन यांनी पॉलिकार्बोनेटला सूक्ष्म भेगा पडतात. डास पळविणाऱ्या काही मलमांतील व फवाऱ्यांतील डायएथिल टोल्यूअमाइड (डीट) या द्रव्याने आवरण क्षणभर उजळल्यासारखे दिसते. वास्तविक ते द्रव्य प्लॅस्टिकचा पृष्ठभागच विरघळवीत असते व नंतर आवरण पूर्वीपेक्षा खराब होते. दोन घटक मिसळून करावयाच्या पॉलियुरेथेन विलेपांत श्वसनास अपायकारक आयसोसायनेट द्रव्ये असल्याने ते घरी फवारू नयेत. योग्य मुखवटा व साधने असलेल्या कारागिराकडूनच ते काम करून घ्यावे.

कायदा : १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाची जागा १९८८ च्या अधिनियमाने घेतली. त्याखालील १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०५ व्या नियमानुसार, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून व पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी, वाहनाच्या दिव्यांनी १५५ मी. अंतरावरील माणसे व वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत अशा रीतीने झोत खाली वळविलेला असावा, असे १०६ वा नियम सांगतो. धूसर आवरणाचा दिवा या दोन्ही अपेक्षा एकाच वेळी मोडतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढील दिवा एंजिन चालू होताच आपोआप लागतो. त्यामुळे त्या दिवसाही सहज दिसू लागल्या. मात्र दिवा लागलेला असणे आणि त्याने रस्ता दिसणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

मर्यादा व मूल्यमापन : घासून स्वच्छ केलेला दिवा नव्या दिव्याइतका कधीच होत नाही. प्रत्येक घासणीत आवरणाचा थोडा भाग झिजतो. भेगा खोल गेल्या असतील किंवा परावर्तक गेला असेल, तर दिवा बदलणे हाच उपाय उरतो. कामानंतर सपाट जागेवर गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही झोतांची वरची कड सारख्या उंचीवर, स्पष्ट व खाली झुकलेली आहे हे पाहावे लागते. स्वच्छ पण चुकीच्या दिशेचा दिवा धूसर दिव्याहून अधिक दिपवितो. १९९१ पासून झेनॉनचे व २००७ च्या सुमारापासून प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थाचे (एलईडीचे) पुढील दिवे मोटारींवर आले. त्यांचा प्रकाश-उद्गम अधिक कार्यक्षम आहे, परंतु आवरण तेच पॉलिकार्बोनेटचे असल्याने धूसरतेचा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही.

मोटारीच्या दिव्याच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात प्रकाशाचा उद्गम ज्योतीपासून अर्धसंवाहकापर्यंत बदलला. पण तो ज्या पातळ पडद्यातून बाहेर येतो, त्याची निगा मात्र कार्बाइडच्या दिवसांप्रमाणे मालकाच्याच हाती राहिली आहे. शिरूर व दौंड भागात जुनी गाडी दुसऱ्या व तिसऱ्या मालकाकडे जाऊन आणखी अनेक वर्षे चालते आणि ती ज्या रस्त्यांवर चालते त्यांवर रात्री पादचारी, बैलगाड्या व ट्रॉल्याही असतात. अशा गाडीच्या मालकाला नवा दिवा परवडत नसेल, तरी दरवर्षी ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आवरण तपासणे व गरज असल्यास ते घासून विलेप देणे, हे त्याला घरच्या घरी करता येण्यासारखे आहे. त्याचा लाभ गाडीतील माणसांना होतो, तसाच रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यालाही होतो.